दातात धरलेला कागद

मामा आजारी माणसांना मनातून जरा कमीच लेखायचा. सलूनमध्ये कुणी खिशातून गोळ्यांची पुडी काढली, की आरशातून त्याच्याकडे असा बघायचा, जणू त्याने भर रस्त्यात पँट सोडली आहे. आपल्याला पन्नाशीपर्यंत साधं पडसंही झालेलं नाही, असं तो येईल त्याला ऐकवायचा. मामीचं म्हणणं वेगळं होतं. पडसं झालं होतं, पण ते तिचंच आहे असं ठरवून त्याने तिला औषध पाजलं होतं.

त्याचं सलून म्हणजे दोन खुर्च्या आणि त्यांच्यामागे जेमतेम एक माणूस वळेल एवढी जागा. डोकं टेकायच्या उशा इतक्या वर्षांच्या डोक्यांनी काळ्या चकचकीत झालेल्या. मागच्या दाराने गेलं की संडास, आणि तिथल्या नळाला पाणी यायचं ते नळाच्या मर्जीने. दुपारी ऊन समोरच्या आरशावर पडायचं आणि उसळून गिऱ्हाइकाच्या फेस लावलेल्या गालावर यायचं. त्या उजेडात मामाचा वस्तरा चालताना बघणं हे आम्हा पोरांचं एक सुख होतं. दुधावरची साय बोटाने सारावी तशी कानशिलापासून हनुवटीपर्यंत एक वाट निघायची, आणि तिच्यातून हळूहळू नवा माणूस दिसायला लागायचा.

ही विद्या त्याला एका म्हाताऱ्या कारागिराने दिली. म्हाताऱ्याचा एकच कायदा होता. गळ्यावर वस्तरा असताना बोलायचं नाही. बोलणारा हसतो आणि हसणाऱ्याचा हात हलतो. पण मामाला गप्प बसवणं देवाच्याही आवाक्यातलं नव्हतं, म्हणून म्हाताऱ्याने युक्ती काढली. अर्ध्या ब्लेडला गुंडाळलेला कागद दातांनी ओढून काढायचा, ब्लेड वस्तऱ्यात बसवायचं, आणि दाढी पुरी होईपर्यंत तो कागद दातातच धरून ठेवायचा. म्हातारा गेला, कागद राहिला. एरवी मामापुढे गिऱ्हाइकाला बोलायला सवड मिळायची नाही. कागद दातात गेला की ती मिळायची, आणि लोक तिचा पुरेपूर फायदा घ्यायचे. मामाचे आयुष्यातले बहुतेक अपमान याच अवस्थेत झाले. तो नाकातून फुसफुसत राहायचा आणि कागद थुंकल्याबरोबर सगळ्याचं उट्टं काढायला सुरुवात करायचा, पण तोवर गिऱ्हाईक तुरटी लावून रस्त्यावर पोचलेलं असायचं.

दुसऱ्या खुर्चीवर पैलवान. पैलवान म्हणजे मामीचा धाकटा भाऊ. कुस्ती त्याने जन्मात खेळली नव्हती, खांदे तेवढे तसे होते. ट्रकवरची नोकरी सुटली तेव्हा तो बहिणीकडे चार दिवसांसाठी म्हणून आला आणि ते चार दिवस काही केल्या संपेनात. मनाने गरीब, अंगाने आळशी. घरात पाण्याचा पेलाही त्याने कधी स्वतःच्या हाताने भरून घेतला नाही. खाण्याचं मात्र त्याला कशाचंच वावडं नव्हतं. ट्रकवर असताना नाक्यानाक्यावरच्या गाड्यांवर त्याने अर्धकच्चं भाजलेलं डुकराचं मांस मनसोक्त खाल्लं होतं, आणि त्या आठवणी तो डोळे मिटून सांगायचा. मामा अंड्यालाही शिवायचा नाही. तो म्हणायचा, तुझं पोट आहे का स्मशान? यावर पैलवान शांतपणे म्हणायचा, भावजी, निदान वर्दळ तरी आहे.

सलूनमध्ये पैलवान केस कापायचा. वस्तऱ्याला हात लावायची त्याला मनाई होती. त्याचं दुसरं काम म्हणजे रोज सकाळी ब्लेडं कागदासकट मधोमध मोडायची आणि ती अर्धुकं पत्र्याच्या डब्यात रचून ठेवायची. हे काम तो जीव लावून करायचा, कारण ते बसून करता यायचं.

तो प्रकार झाला त्या दिवशी मामाच्या खुर्चीत मास्तर होते. शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले, गल्लीत सगळ्यात मोठा आवाज आणि सगळ्यात भित्रा जीव. डोळे मिटून ते मामाला त्याच्या वाढलेल्या पोटाबद्दल चार शब्द सुनावत होते. अर्धी दाढी झाली होती. मामाच्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप उडायला लागला. मामाने त्याच्याकडे बघितलं, दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसं. मग उडणं मनगटात आलं, कोपरात चढलं. मामाने वस्तरा बेसिनमध्ये फेकला, खुर्चीपासून मागे सरकला आणि आडवा झाला.

मास्तरांनी डोळे उघडले तेव्हा मामा जमिनीवर झटके देत होता आणि पैलवान त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. मास्तर गळ्यात टॉवेल आणि गालावर फेस घेऊन तसेच रस्त्यावर पळाले. उरलेली अर्धी दाढी त्यांनी समोरच्या सलूनमध्ये करून घेतली आणि आपण थोडक्यात वाचलो हेही तिथेच सांगितलं. संध्याकाळपर्यंत गोष्टीतला वस्तरा त्यांच्या गळ्याला टेकला होता. दुसऱ्या दिवशी रक्तही आलं.

हॉस्पिटलात मामाच्या डोक्याचे फोटो काढले. डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण गोल गोल बोलायची त्यांना सवय नव्हती. मेंदूत डाव्या बाजूला एक बारीक गाठ आहे, त्या म्हणाल्या, आणि गाठीत एक अळी आहे. मामीने विचारलं, कानातून गेली का? नाही, तोंडातून. मग त्यांनी सगळी वाट समजावून सांगितली. कुणाच्या तरी आतड्यात पट्टीसारखा लांब जंत असतो. त्याची अंडी त्या माणसाच्या शौचातून बाहेर पडतात. हात नीट धुतले नाहीत की हातावर राहतात आणि हातावरून दुसऱ्याच्या तोंडात जातात. दुसऱ्याच्या पोटात अंडं फुटतं आणि अळी रक्तातून फिरत फिरत मेंदूत जाऊन बसते. चांगल्या धडधाकट माणसालाही होतं हे. तब्येतीचा त्याच्याशी काही संबंध नाही.

मामाला हे शेवटचं वाक्य अळीपेक्षा जास्त लागलं. आपण मांसाला शिवतसुद्धा नाही, असं त्याने सांगून बघितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कच्चं मांस खाणाऱ्याच्या पोटात जंत होतो. डोक्यात अळी होते ती त्या जंताची अंडी ज्याच्या तोंडात गेली त्याच्या. त्याला शाकाहार आड येत नाही."

"म्हणजे मी कुणाची तरी..." मामा थांबला.

"हो," त्या म्हणाल्या.

मग मामाने पलंगाच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या पैलवानाकडे नजर टाकली आणि मामीला म्हणाला, घरात एक होताच, आता डोक्यात एक. पैलवान मनापासून हसला. घरातला कोण ते त्याला कळलं नव्हतं.

गोळ्या किती, जिवाला धोका किती, हे सगळं मामीने विचारून घेतलं. मामाने एकच गोष्ट विचारली. वस्तरा कधी धरू? डॉक्टरीणबाईंनी आधी सांगितलं की तूर्त वस्तरा नाही, शिडी नाही, गाडी नाही, पोहणं नाही. पोहता येत नाही, मामा म्हणाला. मग सोपं झालं, त्या म्हणाल्या. गोळ्यांनी अळी मरेल, गाठ सुकेल, काही महिन्यांनी पुन्हा फोटो काढू. मध्ये झटका आला नाही आणि फोटो चांगला आला तर वस्तऱ्याचं बघू. मामाने मान हलवली. त्याला दुसरं काहीच येत नव्हतं. केस तो कापायचा, पण ते त्याला गवत कापल्यासारखं वाटायचं.

घरातल्या सगळ्यांची तपासणी करायची होती. मामीने प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्या आणल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवली आणि ज्याची त्याच्या हातात दिली. पैलवान भडकला. झटका आला भावजींना, डोकं बिघडलं भावजींचं, आणि डबी मी का भरू? त्याला हा आपल्या खानदानाचा अपमान वाटला. मामी म्हणाली, खानदान माझंही तेच आहे आणि मी भरली. तरी तो ऐकेना. शेवटी तिने ताट वाढायचं बंद केलं. तेव्हा भुकेपुढे मान तुकवून त्याने डबी भरली आणि वर्तमानपत्रात गुंडाळून, कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवून असल्यासारखा तोंड लपवत ती देऊन आला.

मामीच्या डबीत काही निघालं नाही, मामाच्याही नाही. पैलवानाच्या डबीत अंडी होती.

डॉक्टरीणबाईंनी त्याला विचारलं, शौचात कधी पांढऱ्या चपट्या पट्टीचे तुकडे दिसलेत का? दिसतात की, पैलवान म्हणाला. कधीपासून? ट्रक सोडला त्याच्या आधीपासून. मग इतक्या वर्षांत कुणाला सांगितलं का नाही? पैलवान गोंधळला. त्याला वाटलं होतं सगळ्यांनाच तसं होत असेल. ही काय चारचौघांत विचारायची गोष्ट आहे? त्याला एक डोस दिला आणि तो मोकळा झाला. मामाला गोळ्यांची पिशवी.

मामीला मात्र हे पटेना. तिचं म्हणणं, हा माणूस स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही, भाजीच्या काडीला हात लावत नाही, मग याच्या हातचं तोंडात जाईल कसं? आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी पैलवानाच्या आळसाची बाजू घेतली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नक्की कुठून आलं हे कुणीच सांगू शकणार नाही, अळी डोक्यात कितीतरी वर्षं गप्प बसून असू शकते. शोध घेत बसू नका, हात धुवा.

पण शोध आपणहून लागला. हॉस्पिटलातून आल्यावर मामा सलूनमध्ये गेला. गिऱ्हाइकाला हात लावायचा नव्हता, नुसता वस्तरा हातात घेऊन बघायचा होता. मामी बरोबर होतीच. त्याने डब्यातून एक अर्धुक उचललं, सवयीने कागद दातांपाशी नेला, आणि हात तिथेच राहिला. तो कागदाकडे बघत राहिला. मग पैलवानाकडे.

"तू सकाळी ब्लेडं कधी मोडतोस?"

"आल्या आल्या."

"आणि त्याच्या आधी काय करतोस?"

पैलवान विचारात पडला. घरी संडासात जरा निवांत बसलं की ताई दार बडवते, म्हणून तो ते काम सलूनमध्ये येऊनच उरकायचा. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"मागच्या नळाला पाणी असतं?" मामाने विचारलं.

"असतं," पैलवान म्हणाला. मग खाली बघून म्हणाला, "कधी कधी."

मामाने ब्लेड डब्यात ठेवलं आणि डबाच कचऱ्यात टाकला. पैलवानाला तो काही बोलला नाही. बोलली मामी. तिने घरी जाऊन भावाची पिशवी भरली आणि दाराबाहेर ठेवली. पैलवानही मुकाट्याने चपला घालायला लागला. तेव्हा मामा आतून म्हणाला, "त्याला काढून काय होणार? त्याच्या पोटातल्याचं पोर माझ्या डोक्यात बसलंय. अशी सोयरीक तुटत नसते." शिवाय तो गेला तर सलून कोण उघडणार, हेही होतं. पिशवी आत आली. नळ दुरुस्त झाला. रोज सकाळी मामा पैलवानाला दोन्ही हात पुढे करायला लावायचा, उलटे, सुलटे, आणि वास घेऊन बघायचा. ब्लेडं मोडायचं काम मामाने स्वतःकडे घेतलं.

मधले महिने वाईट गेले. एका गोळीने मामाला सारखी भूक लागायची आणि दुसरीने झोप यायची, त्यामुळे तो एक तर खात असायचा किंवा खाताना झोपलेला असायचा. जागा असला की सलूनमधल्या बाकावर बसून टॉवेलांच्या घड्या घालायचा आणि पैलवानाच्या कात्रीला नावं ठेवायचा. लोक केस कापायला यायचे आणि आरशातून हळूच मामाचे कान बघून घ्यायचे. एकाने विचारलं, रात्री वळवळ ऐकू येते का हो? मामा म्हणाला, येते ना, तुमच्याबद्दलच बोलत असते. समोरच्या सलूनवाल्याने काचेवर निर्जंतुक अशी अक्षरं रंगवून घेतली. मास्तर दर वेळी गोष्टीत नवीन काहीतरी घालायचे. पैलवान एकट्याने सगळ्यांना सांगत राहिला की पडायच्या आधी भावजींनी वस्तरा बेसिनमध्ये टाकला होता, मी बघितलंय. पण ज्याने आजार दिला त्याची साक्ष कोण धरणार?

दुपारी ऊन आरशावरून उसळून रिकाम्या खुर्चीवर पडायचं. त्या वेळी मामा उजवा हात गुडघ्यावर ठेवून अंगठ्याकडे बघत राहायचा, दूध उतू जाईल म्हणून पातेल्याकडे बघावं तसा. अंगठा हलायचा नाही. ऊन सरकून जायचं. मग मामा हात खिशात घालायचा आणि पैलवानाला कशावरून तरी झापायचा.

पैलवानाची दाढी या काळात वाढत गेली. ती नेहमी मामाच करायचा. स्वतःची स्वतः करायला गेला तर गालावर नकाशा उमटायचा, आणि समोरच्या सलूनमध्ये जायला त्याचे पाय धजायचे नाहीत. ती छातीपर्यंत आली तेव्हा लोक म्हणाले, हा आता प्रवचन द्यायला लागणार.

शेवटी दुसरा फोटो झाला. गाठ विरली होती, मागे एक बारीक पांढरा ठिपका उरला होता. झटका मधल्या काळात एकदाही आला नव्हता. झटक्याची गोळी चालू ठेवायची, पण वस्तरा धरायला हरकत नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मामाने दोनदा विचारून खात्री करून घेतली. त्या म्हणाल्या, माझी परवानगी आहे, पण तुमच्या खुर्चीत बसायला मी लोकांना सांगू शकत नाही.

आणि नेमकं तेच झालं. मामाने खुर्ची पुसली, उशीवर नवा नॅपकिन घातला, वस्तरा उकळून ठेवला. लोक आले, मामाच्या तब्येतीची चौकशी केली, त्याच्या नव्या फोटोचं कौतुक केलं, आणि केस कापायला पैलवानापुढे बसले. दाढी? नको, घाई आहे. दाढी? सध्या वाढवतोय. ज्याला मिशीही धड फुटत नव्हती तोही म्हणाला, वाढवतोय. मामा सगळ्यांना बरं म्हणायचा. कुणाशी भांडला नाही, यावरून मामीला कळलं की तो घाबरलाय. घरी येऊन त्याने विचारलं, सलून विकलं तर काय येईल? मामीने भावाकडे असं बघितलं की त्याने ताटातून मान वर केली नाही.

सुट्टीचा दिवस होता, बाक भरलेला होता. मास्तर केस कापायला आले होते आणि वर्तमानपत्राच्या आडून सगळीकडे लक्ष ठेवून होते. पैलवानाने हातातलं गिऱ्हाईक संपवलं, मागे जाऊन साबणाने हात धुतले, आणि कुणाला काही न सांगता मामाच्या खुर्चीत येऊन बसला. मान मागे टाकली, दाढी वर केली.

"करा, भावजी."

मामा म्हणाला, तुझं आज काय मध्येच? पैलवानाने मान तशीच ठेवून, पण मागच्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "या सगळ्यांत तुम्हाला ज्याचा गळा कापायचं कारण आहे असा मी एकटाच आहे. मी जिवंत उठलो तर बाकीच्यांना कशाची भीती?"

मास्तरांचं वर्तमानपत्र खाली आलं.

मामाने आधी कात्रीने दाढीचं जंगल उतरवलं. मग फेस केला, बराच वेळ केला, गरजेपेक्षा जास्तच. डब्यातून अर्धुक उचललं आणि हात सवयीने दातांकडे निघाला. पैलवानाने फेसातून एक डोळा उघडला. मामाने हात खाली घेतला, कागद बोटांनी सोडवला आणि कचऱ्यात टाकला. त्याचं तोंड रिकामं होतं. इतक्या वर्षांत त्या तोंडाने वस्तऱ्याच्या वेळी काय करायचं हे त्याला शिकावं लागलं नव्हतं, त्याने ते नुसतंच घट्ट मिटून घेतलं.

वस्तरा कानशिलावर टेकला. पहिली वाट सरळ निघाली, मग दुसरी. गालाखाली, जबड्याच्या कडेने, मग गळ्यावर, जिथे पैलवानाची घाटी वर-खाली होत होती. दुपार व्हायची होती, ऊन अजून आरशावर आलं नव्हतं, तरी पैलवानाचा जुना चेहरा फेसाखालून एकेक पट्टा उजळत बाहेर येत होता. त्या चेहऱ्यावरून घाम वाहत होता. हात हलला नाही.

शेवटी हनुवटीखालचे दोन-चार केस राहिले. मामाने वस्तऱ्याच्या टोकाने ते काढले, आणि तिथेच, मुगाएवढा, लाल थेंब उभा राहिला. पैलवान ओय म्हणाला. बाकावरचे दोघं उठून उभे राहिले.

मामाने वस्तरा गळ्यापासून हलवला नाही. कारागीर झाल्यापासून पहिल्यांदाच तो वस्तरा टेकलेला असताना बोलला.

"हे मुद्दाम होतं."

मान हलवता येत नव्हती म्हणून पैलवानाने डोळ्यांनीच होकार दिला. मामाने ओली तुरटी त्या थेंबावर जरा जास्तच दाबून धरली आणि हिशोब मिटल्यासारखा टॉवेल त्याच्या गळ्यातून ओढून काढला. खुर्ची रिकामी झाली.

मास्तर उठले. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, खुर्चीत बसले, पुन्हा जरासे उठले आणि परत बसले.

"मला मुद्दामचं नको," ते म्हणाले. "बाकी सगळं कर."